खोक्यांची पाठवणी

माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की पुढे काय विचारावं हे लोकांना सुचत नाही. "जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करून इंटरनेटवरून परदेशात विकायचो," म्हटलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि कांद्याच्या भावावर येतो. इंदिरानगरात आमच्या कॉलनीत बरीच वर्षं माझी ओळख 'भंगारवाले इंजिनिअर' अशी होती. त्यातला इंजिनिअर खोटा होता, कारण मी डिप्लोमावाला. भंगार मात्र शंभर टक्के खरं होतं.

त्याआधी सातपूरच्या एका कारखान्यात मी कॅलिब्रेशन विभागात होतो. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणाऱ्या यंत्राचीच परीक्षा घेणं. किराणा दुकानातला काटा खरा आहे की नाही हे वजनमापवाला तपासतो, तशी मी विजेची मापं घेणारी यंत्रं तपासायचो. या कामाने माणूस संशयी होतो. घरातलं घड्याळ, डॉक्टरांचा थर्मामीटर, दूधवाल्याचं माप, कशावर म्हणून विश्वास राहत नाही. लग्नाआधी हे सांगायला हवं होतं, असं बायको अजून म्हणते. नव्वदचं दशक संपता संपता कारखान्याला घरघर लागली, ऐच्छिक निवृत्तीचे कागद फिरले आणि पन्नाशीच्या आतच मी घरी बसलो.

घरी फार दिवस बसवेना. भद्रकालीत एका भंगारवाल्याच्या गोदामात पंख्याची मोटर शोधायला गेलो, तर गंजक्या नळांच्या ढिगाखाली एक ऑसिलोस्कोप पडलेला. विजेची धडधड पडद्यावर रेघेने दाखवणारं हे यंत्र. डॉक्टरकडे हृदयाची रेघ निघते ना, तसंच. कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या मालाबरोबर तो किलोच्या भावाने आला होता. नवा घ्यायचा तर तेवढ्यात एक छोटी मोटारगाडी आली असती. मी तो किलोच्याच भावाने घरी आणला, गॅरेजमध्ये आठवडाभर त्याच्यामागे खपलो आणि एका सकाळी तो उठून बसला.

नाशकात तो कोणालाच नको होता. मग सायबर कॅफेत बसून एका परदेशी लिलावाच्या वेबसाइटवर त्याचे फोटो चढवले. सात दिवसांनी अमेरिकेतल्या एका शिक्षकाने तो घेतला. असली यंत्रं तिकडे हौशी लोक घेतात, छोटे दुरुस्तीवाले घेतात, कॉलेजंही घेतात. ज्यांना नवं परवडत नाही आणि जुन्याची किंमत कळते, अशी सगळी माणसं माझी गिऱ्हाइकं झाली.

या धंद्याची गोम एवढीच की गिऱ्हाइकाला माल हातात घेऊन बघता येत नाही आणि तुम्हाला गिऱ्हाइकाचं तोंड बघता येत नाही. बाकीच्या सगळ्या भानगडी यातूनच निघतात. मी यंत्रावरच्या ओरखड्याओरखड्याचा फोटो काढायचो आणि तो केवढा आहे हे कळावं म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचो. स्वीडनमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, "नाणं सोबत येणार का?" मी नाणंही पाठवलं. यंत्राबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली आणि नाण्याबद्दल चार.

एकाने कळवलं, "खोक्यावर 'भेटवस्तू' लिहा आणि किंमत अगदी कमी दाखवा, म्हणजे माझी जकात वाचेल." मी लिहिलं, "साहेब, आपली ओळख कालची. भेट देण्याइतका घरोबा अजून झालेला नाही." त्याने खरेदी रद्द केली. दुसऱ्या एकाने पैसे भरल्याबरोबर पत्ता बदलला आणि माल ताबडतोब हवा म्हणून रोज दोनदा मेल करू लागला. एवढी घाई असलेला माणूस एकही तांत्रिक प्रश्न विचारत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कार्ड चोरीचं होतं. यंत्र गेलं आणि पैसेही परत गेले.

एक चूक मात्र निव्वळ माझी. आपल्याकडे घरात दोनशे तीस व्होल्टची वीज, अमेरिकेत त्याच्या निम्मी. जुन्या यंत्रांच्या पाठीवर त्यासाठी एक छोटा खटका असतो. तिकडे पाठवताना तो मी फिरवायला विसरलो आणि "यंत्र मेलेलं आलं" अशी तक्रार आली. मी नम्रपणे खटका फिरवायला सांगितलं. उत्तर आलं, "जिवंत आहे." मोजमापं तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाने हा गाढवपणा करावा, म्हणून मी ते पत्र बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

वेबसाइटवर प्रत्येक गिऱ्हाईक विकणाऱ्याबद्दल अभिप्राय लिहितं. तो पुसता येत नाही. तुमचा चेहरा, दुकान, घराणं, सगळं काय ते त्या अभिप्रायांत. माझे सगळे चांगले होते आणि त्याचा मला गर्व होता. पण त्या चांगुलपणातला निम्मा वाटा विमलताईंचा, हे तेव्हा मी कोणाजवळ कबूल केलं नसतं.

सुरुवातीला खोकी मीच भरायचो. पहिल्या पाचांतली दोन यंत्रं फुटून पोचली. एकदा गॅरेजच्या दारात तसंच एक खोकं भरत बसलो असताना कॉलनीत भाजी घेऊन येणाऱ्या विमलताई थांबल्या. मखमलाबादकडच्या, चाळिशीच्या, दीर-जावेच्या मळ्यातली भाजी विकणाऱ्या. द्राक्षाच्या हंगामात त्या निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायच्या. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि दोन मिनिटं नुसतं बघितलं.

"साहेब, हे असं भरलं तर कसारा घाटातच फुटंल."

"मग कसं भरायचं?"

"सरका जरा."

त्यांनी सगळं बाहेर काढलं. घड हलता कामा नये आणि दबताही कामा नये, हा द्राक्षाचा नियम त्यांनी यंत्राला लावला. खोक्यात खोकं, मधे फोम, कोपऱ्यांना थर्माकोल, बटणांवर वेगळी गादी. शेवटी खोकं उचलून कानाशी धरलं आणि हलवलं. आत कुठे टक् झालं. लगेच पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी आवाज बंद झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जाऊ द्या कुठं बी."

आठवडाभरात त्या कामावर आल्या. मी साहेबाचा भाऊ झालो. त्यानंतर पाच वर्षांत एकही यंत्र फुटलं नाही. फक्त त्यांची एक खोड होती. खोकं बंद करायची वेळ आली की मला चहाला पिटाळायच्या. "शेवटची टेप मी लावते, भाऊ. तुमची वाकडी जाती." टेप खरंच वाकडी जायची, म्हणून मी मुकाट्याने आत जाऊन चहा प्यायचो.

मग ऑस्ट्रेलियाचं प्रकरण झालं. तिथल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात केन नावाचे म्हातारे गृहस्थ मासेमारीच्या बोटींचे वायरलेस संच दुरुस्त करत. त्यांना हवं असलेलं स्पेक्ट्रम अनालायझर, म्हणजे कुठल्या लहरीवर किती जोर आहे हे दाखवणारं यंत्र, ते दोन वर्षं शोधत होते. माझ्याकडे ते होतं. तोवर मी विकलेलं ते सगळ्यात महागडं यंत्र. दुरुस्तीला चार महिने लागले होते, कारण त्यातला एक सुटा भाग मिळवायला मी मनमाडपासून मुंबईपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली होती.

दोन आठवड्यांनी केन यांचा मेल आला. माझी मुलगी अनघा तेव्हा कॉलेजात होती आणि माझी इंग्रजी पत्रं तीच बघायची. तिने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खोक्यात तांदूळ घातले होते का?"

बाहेरून येणारी कीड देशातल्या शेतीला लागू नये म्हणून तिथे खोकी उघडून बघतात. आमच्या खोक्यात त्यांना कापडाची एक पुरचुंडी सापडली होती. एक सुपारी, एक हळकुंड आणि कच्चे तांदूळ. पुरचुंडीची गाठ वाटेत सुटली होती आणि तांदूळ यंत्राच्या हवेच्या फटींतून आत गेले होते. आता एक तर खोकं परत पाठवायचं, नाही तर नष्ट करायचं, नाही तर गॅमा किरणांखालून काढायचं. त्या किरणांनी कीड मरते, पण यंत्रातल्या चिपाही मरतात. केन यांनी खटपट करून चौथी वाट काढली होती. तपासनिसासमोर यंत्र उघडून दाणा न् दाणा वेचायचा. त्यासाठी आत काय काय आणि किती घातलं होतं, हे विकणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायला हवं होतं. मुदत दहा दिवसांची, त्यातले तीन गेलेले.

विमलताई समोरच बसल्या होत्या. मी विचारलं आणि त्यांनी मान खाली घातली. तेव्हा मी जे बोललो ते आज लिहायलाही जड जातं. "द्राक्षाच्या खोक्यात केस पडलेला चालत नव्हता तुम्हाला, आणि इथे तांदूळ टाकता? पाच वर्षांचं नाव घालवलंत माझं. कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" त्यांनी हातातल्या फोमची घडी घातली, कात्री जागेवर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत.

चौथ्या दिवशी मी स्कूटर काढून मखमलाबादला गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं म्हणजे मला ती यादी हवी होती. विमलताई अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी पाणी आणलं आणि खाली गोणपाट अंथरलं.

"ताई, त्या पुरचुंडीत काय काय होतं ते नक्की सांगा. लिहून पाठवायचंय."

"सुपारी येक. हळकुंड येक. आन् तांदूळ, पाच चिमटी."

"किती दाणे?"

"आता दाणे कोन मोजतं, भाऊ?"

"तिथला साहेब मोजणार आहे."

त्या उठल्या, आतून ताटात तांदूळ घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या पाच चिमटी काढून जमिनीवर ठेवल्या. आम्ही दोघं मोजायला बसलो. एकशे त्रेचाळीस. पुन्हा पाच चिमटी. एकशे एक्कावन्न. तिसऱ्यांदा एकशे अठ्ठेचाळीस. इतक्या वर्षांच्या कॅलिब्रेशनमध्ये हाताने घेतलेलं इतकं खरं माप मी क्वचित पाहिलं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्या पहिल्यांदा जराशा हसल्या.

"सगळ्याच खोक्यांत घालायचात?"

"पहिल्यापासून."

तेव्हा कुठे मला काही जुने अभिप्राय आठवले. "छोट्या भेटीबद्दल आभार," असं चार-पाच जणांनी लिहिलं होतं, आणि यंत्राबरोबर जाणाऱ्या माझ्या सविस्तर पत्राचं कौतुक समजून मी ते खिशात घातलं होतं.

"पण का, ताई? द्राक्षाच्या खोक्यांत घालायचात का कधी?"

"द्राक्षं शेतातून जात्यात, भाऊ. ही तर घरातून जात्यात. तुमी चार-चार म्हैने मांडीवर घेतल्यावानी करता आन् मंग येवढ्या लांब धाडता. परत काय येनार हाय का ती? रिकाम्या ओटीनं कसं धाडायचं?"

त्या तांदूळ ताटात गोळा करत राहिल्या आणि खाली बघतच पुढचं बोलल्या. नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती. तिचं लग्न त्यांनी भाजी विकून केलं. पण ओटी सवाष्णीने भरायची. पाठवणीच्या वेळी जावेने ओटी भरली आणि विमलताईंना कोणीतरी सांगितलं, तू जरा आत थांब. "मी भितीआडून बघितलं. तिनं तीनच मुठी घातल्या. घाईत हुती." नंतर गावात, भावकीत, कुठल्याच लेकीची ओटी भरायला त्यांना कोणी बोलवलं नाही. "मंग तुमची खोकी आली. म्हनलं, यान्ला कोन इचारतंय, कोनी भरली म्हनून."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. उद्यापासून या, असं म्हणालो आणि माफीही मागितली. त्यांनी आधी अट घातली.

"तांदूळ नाय घालनार. पन काय चालंल ते त्या साहेबाला इचारून घ्या."

मी यादी लिहिली, सही केली, सायबर कॅफेतून स्कॅन करून पाठवली. तांदळाचे दाणे, अंदाजे एकशे पन्नास. सुपारी एक. हळकुंड एक. असं हमीपत्र माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

केन तीन तास गाडी चालवून शहरात गेले. तपासनिसासमोर त्यांनी यंत्र उघडलं, चिमट्याने दाणे वेचले आणि शेवटचे दोन ट्रान्सफॉर्मरच्या खालून काढले. एकूण एकशे सत्तेचाळीस. तपासनिसाने माझी यादी पाहिली, दाणे पाहिले आणि शिक्का मारला. घरी गेल्यावर केन यांनी विचारलं की यात तांदूळ घालण्याचं प्रयोजन काय. मी खरं ते लिहिलं, अनघाने त्याचं इंग्रजी नीट केलं. आमच्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा तिला असं भरून पाठवतात, आणि हे यंत्र भरणाऱ्या बाईंना ते मुलीसारखं वाटलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "बाईंना कळवा, मुलगी सुखरूप पोचली आणि पहिल्याच दिवशी कामाला लागली."

मी ते विमलताईंना वाचून दाखवलं.

"पहिल्याच दिशी? जरा बसू द्यायचं का नाय तिला?"

त्यानंतर प्रत्येक खोक्यात खणाच्या कापडाचा एक हातभर तुकडा जाऊ लागला आणि मी तो कागदोपत्री 'कापड, शोभेचे, नग एक' असा दाखवू लागलो. कोणी हरकत घेतली नाही. शेवटच्या टेपेच्या वेळी मला चहाला जावं लागत नव्हतं, तरी मी जायचो.

पुढे तीन वर्षांनी अनघाचं लग्न ठरलं. स्थळ नागपूरचं. विमलताई आठ दिवस आमच्याकडेच राहिल्या. अनघाच्या सगळ्या बॅगा त्यांनीच भरल्या आणि एकेक बॅग उचलून कानाशी धरून हलवली, तेव्हा घर हसलं. कार्यालयात पाठवणीची वेळ झाली. माझी थोरली बहीण अक्का, हिने ओटीचं ताट घेतलं. विमलताई लांब खांबापाशी, बॅगांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मला सगळं माहीत होतं. त्या अंगणात बसून तांदूळ मोजणारा मीच होतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि अक्काकडे, व्याह्यांकडे, भरलेल्या हॉलकडे बघून ते माझ्याच्याने बोलवलं नाही. लोकांच्या यंत्रातली चूक तोंडावर सांगताना मी जन्मात कचरलो नाही. त्या दिवशी माझ्याच घरच्या कार्यात कचरलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

अक्काने ओटी भरली. अनघा सगळ्यांच्या पाया पडली आणि दाराकडे जायच्या ऐवजी खांबाकडे वळली. विमलताईंसमोर उभी राहून तिने पदर पुढे केला.

"मावशी, तुम्ही भरल्याशिवाय कशी जाऊ? वाटेत फुटेन ना मी."

विमलताई मागे सरल्या. "नको गं बाई. लोक बघत्यात."

"बघू देत."

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग माझी बायको पुढे झाली, अक्काच्या हातातलं ताट तिने काढून घेतलं आणि विमलताईंच्या समोर धरलं.

विमलताईंनी दोन्ही हात लुगड्याला पुसले. ताटात हात घातला, तो तसाच ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, तिकडं चालत्यात ना तांदूळ?"

"नागपूरला चालतात, ताई."

मग त्यांनी चिमटी नाही, भरून ओंजळ घेतली.